‘समाचार’ : आचारापासून वार्तेपर्यंत

नांदेड-लातूरकडील मराठी घरांत ‘समाचार’ हा शब्द आजही तीन निरनिराळ्या प्रसंगी कानी पडतो. शेजारी कोणी आजारी पडले की घरातील वडीलधारी मंडळी ‘समाचाराला’ जातात. सभेत एखाद्या सभासदाने हिशोबावरून कार्यकारिणीला धारेवर धरले की ‘चांगलाच समाचार घेतला’ असे लोक म्हणतात. आणि नांदेडच्या एका परिचित दैनिकाच्या शीर्षस्थानी, ‘गोदातीर’ या सुंदर शब्दाला लागून, हाच शब्द वृत्त या अर्थाने येतो. विचारपूस, खरडपट्टी आणि बातमी असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या वाट्याला यावेत, आणि बोलणाऱ्याला त्यात काहीच विसंगत वाटू नये, हे नवल आहे. जुनी वृत्तपत्रे व मासिके चाळताना या नवलाचा उलगडा हळूहळू होत जातो. त्याची एक किल्ली मात्र वृत्तपत्रांत सापडत नाही. ती आपल्या शास्त्रभांडारात आहे.

‘सम्’ आणि ‘आ’ हे दोन उपसर्ग ‘चर्’ या धातूला लागून ‘समाचार’ हा शब्द सिद्ध होतो. ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे. तेव्हा समाचार म्हणजे मुळात नीट चालणे, योग्य वागणूक. बातमीचा त्यात कुठेही संबंध नाही. दिगंबर परंपरेत मुनिआचाराचा प्रमाणग्रंथ मानल्या गेलेल्या वट्टकेराचार्यांच्या ‘मूलाचारा’त एकंदर १२ अधिकार आहेत व त्यांतील चौथ्या अधिकाराचे नावच ‘समाचाराधिकार’ असे आहे. श्वेतांबर परंपरेत ‘उत्तराध्ययन’ सूत्राचे २६ वे अध्ययन ‘सामाचारी’चे आहे, आणि पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन होते त्याचा अखेरचा भागही ‘सामाचारी’ या नावाने ओळखला जातो. परंपरा दोन असल्या, क्रम व काही नावे वेगळी असली, तरी विषय एकच : साधूने संघात राहताना परस्परांशी कसे वागावे.

‘मूलाचारा’तील दहा प्रकार पाहिले म्हणजे हा शब्द श्रावकांच्याही किती जवळचा आहे हे ध्यानात येते. इच्छाकार, मिथ्याकार, तथाकार, आसिका, निषेधिका, आपृच्छा, प्रतिपृच्छा, छंदन, निमंत्रणा आणि उपसंपदा असे ते दहा. यांतील निषेधिका म्हणजे स्थानात प्रवेश करताना उच्चारायचा शब्द व आसिका म्हणजे बाहेर पडताना उच्चारायचा. मंदिराच्या उंबरठ्यावर लहान मुलांनाही शिकवले जाणारे ‘निस्सही’ ते हेच. मिथ्याकार म्हणजे हातून घडलेला दोष मिथ्या होवो असे म्हणणे. संवत्सरीच्या दिवशी घरोघरी म्हटले जाणारे ‘मिच्छा मि दुक्कडं’ हा मिथ्याकारच होय. आपृच्छा व प्रतिपृच्छा यांत वडीलधाऱ्यांना विचारून कार्य करण्याची शिस्त आहे. म्हणजे ज्यांनी मूलाचार कधी उघडूनही पाहिला नाही, त्यांच्या दैनंदिन जीवनात ‘समाचार’ जुन्या अर्थाने चालूच आहे; फक्त त्याला ते नाव उरलेले नाही.

दहावा प्रकार उपसंपदा. त्याचे पुन्हा पाच भेद सांगितले आहेत : विनय, क्षेत्र, मार्ग, सुखदुःख आणि सूत्र. परगणातून मुनी येत आहेत असे दिसताच स्थानिक मुनींनी उठून उभे राहावे, काही पावले सामोरे जावे, वंदनादी झाल्यावर वाटेतील क्षेमकुशल विचारावे, आणि आलेल्याला काही पीडा असेल तर वसतिका, आहार, औषध यांच्या योगे साह्य करावे, असा तो विधी आहे. पाहुण्याची विचारपूस हा शिष्टाचाराचा भाग आहेच, परंतु येथे तिला धर्माचारात स्थान दिलेले आहे. मात्र प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. आलेल्या मुनीचे आवश्यक क्रियांतील वर्तन, प्रतिलेखन, बोलणे, भिक्षाचर्या यांची काही दिवस परीक्षा करावी, आचार शुद्ध नसेल तर त्याला प्रायश्चित्त द्यावे, आणि प्रायश्चित्त न घेणाऱ्याला जो आचार्य ठेवून घेईल तोही दोषी समजावा, असेही त्याच अधिकारात सांगितले आहे. विचारपूस आणि झाडाझडती या दोन्ही गोष्टी ‘समाचार’ या एकाच शीर्षकाखाली शेजारी शेजारी आहेत. मराठीतील ‘समाचार घेणे’ या वाक्प्रचाराचे दोन अर्थ थेट मूलाचारातून आले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्या समाजाला हे अधिकार ठाऊक होते, त्याला हे दोन अर्थ परस्परविरोधी वाटले नसते, एवढे निश्चित.

आचाराच्या शब्दाला बातमीचा अर्थ कसा चिकटला? या वाटेने गेलेला हा एकटाच शब्द नाही. ‘वृत्त’ म्हणजेही आधी वर्तन. ‘सद्वृत्त’ या शब्दात तो अर्थ अद्याप शिल्लक आहे. ‘चरित’ म्हणजे वागणे, आणि पुढे वागण्याची हकीगत. माणूस कसा वागला, कसा चालला, हेच त्याच्याविषयीचे सर्वांत महत्त्वाचे सांगणे असल्यामुळे वागण्याचा शब्द सांगण्याचा झाला. संस्कृतातच ‘समाचार’ला वृत्तांत हा अर्थ येऊन मिळाला होता. पुढे पत्रव्यवहाराने तो घट्ट केला. राजस्थानातून व गुजरातेतून व्यापारासाठी दक्षिणेत आलेल्या कुटुंबांच्या पत्रांत आधी मंगलवचन, मग वडिलांना जुहार, मग इकडचे कुशल आणि तिकडच्या कुशलाची पृच्छा, आणि त्यानंतर ‘समाचार’ असा ठरलेला क्रम असे. भावताव, हुंडी, मालाची रवानगी हे सारे या समाचारात येई. बातमी अशी सुटी, कुणाचीच नसलेली, त्या पत्रांत आढळत नाही. ती कुणीतरी कुणाची तरी काळजी करीत विचारलेली व कळवलेली असे.

छापखाना आला तेव्हा हा शब्द पत्रातून उचलला गेला व वृत्तपत्राच्या माथ्यावर बसला. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी २३ मे १८१८ रोजी ‘समाचार दर्पण’ काढले. मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी गुजरातीत ‘मुंबईना समाचार’ सुरू केले. तेच आजचे ‘मुंबई समाचार’, आणि आशिया खंडात अखंड चालू असलेल्या वृत्तपत्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. आरंभीच्या अंकांवर त्या काळच्या पारशी गुजरातीच्या वळणाने ‘शमाचार’ असे छापले जाई. कलकत्त्याहून १८५४ साली निघालेल्या ‘समाचार सुधावर्षण’ला हिंदीतील पहिले दैनिक म्हणतात. बंगाली, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांच्या पत्रकारितेच्या उंबरठ्यावर अशा रीतीने हा एकच शब्द उभा आहे.

मराठीने मात्र प्रारंभी त्याला बाजूला ठेवले. १८२८ साली निघालेल्या ज्या पत्राचा उल्लेख इतिहासकार करतात त्याचे नाव ‘मुंबापूर वर्तमान’. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. ‘समाचार दर्पण’मधील उत्तरार्ध घेतला गेला, पूर्वार्ध नाही. पुढे ‘प्रभाकर’, ‘ज्ञानोदय’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’ ही नावे आली. ती प्रकाशाची नावे आहेत, बातमीची नव्हेत. बातमीला मराठीजवळ स्वतःचे शब्द होते, आणि ते राज्यकारभारातून आलेले होते. पेशवाईतील पत्रांत ‘वर्तमान’ म्हणजे घडलेली हकीगत. ‘बातमी’ म्हणजे राखून, माणसे पेरून मिळवलेली माहिती. ‘अखबार’ म्हणजे परदरबाराहून आलेले वृत्त. लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या रणावर १७६० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी निजामाचा पाडाव केला, त्या काळी मोहिमेवरून जे कळवले जाई ते ‘वर्तमान’. ‘वर्तमानपत्र’ हा शब्द त्याच कारभारी परंपरेचा वारसा सांगतो. व्यापारी व घरगुती पत्रांचा ‘समाचार’ आणि दरबारी पत्रांचे ‘वर्तमान’ यांत मराठी संपादकांनी दुसऱ्याची निवड केली. बहुतेक संपादक ज्या वर्गातून आले होते तो पाहता हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

तथापि मराठी मुलुखाच्या कडेने ‘समाचार’ टिकून राहिला. ‘बेळगाव समाचार’ १८६३ साली निघाले. सोलापुरात ‘सोलापूर समाचार’ झाले. मराठवाड्यातील अगदी आरंभीच्या मराठी पत्रांत ‘औरंगाबाद समाचार’चे नाव घेतले जाते, आणि पुढे नांदेडला ‘गोदातीर समाचार’ आले. ही सर्व ठिकाणे अशी की जेथे मराठीच्या शेजारी कानडी, गुजराती, उर्दू, तेलुगू किंवा मारवाडी बोलली जाते. पुण्याच्या पेठेत ‘वर्तमान’ पुरेसे होते. बहुभाषी बाजारपेठेला मात्र सर्वांच्या कानावरून गेलेला शब्द हवा होता. मोंढ्यातील आडत्याला, कापडाच्या दुकानदाराला आणि त्याच्या गुजराती किंवा मारवाडी सोयऱ्याला ‘समाचार’ न समजावून सांगता कळत असे.

शीर्षकात जागा न मिळालेला हा शब्द मराठी संपादकांनी वाक्प्रचारात मात्र मुक्तहस्ते वापरला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली, ‘केसरी’ १८८१ साली आणि आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली. हा काळ वादांचा होता. पत्रा-पत्रांत खडाजंगी होई, आणि प्रतिपक्षाच्या लेखातील एकेक मुद्दा घेऊन त्याला झोडपण्याला ‘समाचार घेणे’ हे जणू पारिभाषिक नाव मिळाले. उत्तर हिंदुस्थानी व दखनी बोलीतील ‘खबर लेना’ या प्रयोगालाही असेच दोन अर्थ आहेत : कुशल विचारणे आणि कान उपटणे. मराठवाड्यातील लोकांच्या तोंडी हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी नांदत आले. गंमत अशी की वृत्तपत्रांनी दुसरा अर्थ उचलून धरला व पहिला घरातील स्त्रियांकडे राहिला. आजाऱ्याच्या, बाळंतिणीच्या, दुःखी घराच्या समाचाराला जाणे हे काम त्यांनी कधी सोडले नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही पत्राने घेतली नाही.

दुसऱ्याचा समाचार घेताना आधी समाचार खरा आहे काय हे पाहावे लागते. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांविरुद्ध जी पत्रे खरी समजून मजकूर छापला गेला ती न्यायालयात बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता याविषयी तेव्हाही कोणास शंका नव्हती. परंतु मूलाचारातील आचार्य परगणाच्या मुनीची परीक्षा करतात ती त्याच्या हेतूची नव्हे, आचाराची. बातमीलाही तोच न्याय लागू पडावा.

जैन समाजाच्या मराठी पत्रकारितेची सुरुवात याच दशकात झाली, ही गोष्ट समाजाबाहेर फारशी ठाऊक नसते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ सुरू केले तेव्हा शास्त्रे छापावीत की नाही यावरच समाजात मोठे वादळ होते. शास्त्र हाताने लिहावे, वेष्टनात ठेवावे, विनयाने उघडावे. छापखान्यातील कागद व शाई यांच्या शुद्धतेची खात्री काय, असा आक्षेप होता. छापलेले शास्त्र वाचणार नाही अशा प्रतिज्ञाही काहींनी घेतल्या होत्या. आज तो आक्षेप हास्यास्पद वाटतो; परंतु आक्षेप घेणाऱ्यांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. विनयाविना शास्त्र सर्वत्र पसरले तर त्याची रद्दी होईल, असे ते म्हणत होते. ती झालीच. उलट छापले नसते तर मूलाचार आणि त्याचे भाषांतर सामान्य श्रावकाच्या हाती कधी पडते ना, हेही तितकेच खरे. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. तिचे मुखपत्र ‘प्रगति आणि जिनविजय’ या जोडनावाने पुढे दीर्घकाळ चालले.

या नियतकालिकांत आणि नंतरच्या अनेक जैन मासिकांत एक सदर असते, ज्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ते म्हणजे मुनिसंघांच्या विहाराचे. कोणता संघ कोणत्या गावाहून निघाला, कोठे पोहोचला, चातुर्मास कोठे ठरला, कोणाची प्रकृती कशी आहे, एवढाच त्याचा मजकूर. ‘विहार समाचार’, ‘चातुर्मास समाचार’, ‘शोक समाचार’ अशी त्याची शीर्षके. राजकारणाच्या दृष्टीने यात काहीच नाही. परंतु पायी चालणाऱ्या साधूंची वाट पाहणाऱ्या गावांना हीच पहिली बातमी होती. आहाराची व्यवस्था, वसतिका, वैयावृत्त्य सारे तीवर अवलंबून असे. येथे शब्दाचे दोन्ही जन्म एका ओळीत येतात. ज्यांच्या ‘समाचारा’चे नियम मूलाचारात आहेत, त्यांचाच ‘समाचार’ मासिकाच्या पानावर छापला जातो. आणि वाचणाऱ्याने तो वाचून स्वस्थ बसायचे नसते, त्यांच्या समाचारालाही जायचे असते.

ही पाने मराठवाड्यात पोहोचत कशी? लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली आली आणि कुर्डुवाडीमार्गे लातूरची पेठ सोलापूर-पुण्याच्या टपालाशी जोडली गेली. नांदेड त्याआधीच, १९०० च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद मार्गावर आले होते. वाट खुली झाली तरी राज्य निजामाचे होते. १८८४ पासून कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे, आणि सरकारी राजपत्राला ‘जरीदा’ म्हणत. शिकलेला मनुष्य कचेरीत ‘इत्तिला’ देई, बाजारात ‘खबर’ विचारी, आणि घरी आल्यावर ‘समाचार’ सांगे. निजाम सरकारच्या गश्ती निशाण ५३ ने सभा भरविण्यावर परवान्याचे बंधन घातले. चार माणसे जमून काही ऐकणे-बोलणे हेच संशयास्पद ठरले. अशा काळात मंदिरातील स्वाध्याय, कीर्तन, लग्नकार्य आणि आजाऱ्याची भेट यांतून किती बातम्या इकडून तिकडे गेल्या असतील याची कल्पना करता येते. समाचाराला जाण्यास परवाना लागत नसे.

आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले. सरकारने बंदी घालावी आणि त्यांनी दुसऱ्या नावाने तेच पत्र काढावे, पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव, असा खेळ त्यांनी दीर्घकाळ चालविला. नावे बदलली तरी वाचक ओळखत. हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक होते. त्याचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे असे उघडपणे लिहिले, आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये, २१ व २२ तारखेच्या मधल्या रात्री, रझाकारांनी त्यांची हत्या केली; ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. ‘इमरोज’ म्हणजे फारसीत ‘आज’. त्यानंतर महिना पुरा होण्याच्या आतच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाची राजवट संपली. मराठी, उर्दू, तेलुगू या सर्व भाषांतील पत्रकारांनी मराठवाड्याच्या व एकूण संस्थानाच्या मुक्तीची किंमत मोजली आहे; मराठवाड्यातील स्मरणग्रंथांत उर्दू पत्रकारांची नावे कमी आढळतात, ती अधिक आढळावीत.

स्वातंत्र्यानंतर मराठी वृत्तपत्रांची भाषा बदलत गेली. ‘वर्तमान’ हा शब्द चालू काळापुरता उरला व ‘वर्तमानपत्र’ या जोडशब्दात तेवढा जुना अर्थ धरून राहिला. त्याच्या जागी ‘वृत्त’ आले; ‘वृत्तपत्र’, ‘वृत्तसंस्था’, ‘वार्ताहर’ हे शब्द रूढ झाले. आकाशवाणीवर हिंदीतून ‘समाचार’ आणि मराठीतून ‘बातम्या’ अशी वाटणी झाली. त्यामुळे नव्या पिढीला ‘समाचार’ हा हिंदी शब्द वाटू लागला, हे चुकीचे असले तरी समजण्यासारखे आहे.

मात्र दोन वर्षे हा शब्द प्रत्येक मराठी दैनिकाच्या पानावर पुन्हा दिसला, आणि तो काळ सुखाचा नव्हता. आणीबाणी चालू असताना, फेब्रुवारी १९७६ मध्ये, पी.टी.आय., यू.एन.आय., हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून एकच संस्था करण्यात आली व तिचे नाव ‘समाचार’ असे ठेवले गेले. देशभरच्या बातम्या एकाच नळाने येऊ लागल्या. १९७६-७७ च्या फायली चाळणाऱ्यास बातमीच्या आरंभी स्थळ-तारखेजवळ कंसात हा शब्द दिसतो, तो या संस्थेचा निर्देश असतो. ते न समजल्यास वाचक बुचकळ्यात पडतो. याच काळात मराठवाड्यातील ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांना कारावास भोगावा लागला. चौकशी करण्याचा, विचारण्याचा, प्रसंगी झाडाझडती घेण्याचा अर्थ ज्या शब्दात युगानुयुगे होता, तोच शब्द न विचारण्याच्या व्यवस्थेचे नाव व्हावा, याहून मोठा विपर्यास त्याच्या वाट्याला आला नसेल. एप्रिल १९७८ मध्ये ती संस्था मोडून चारही संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या.

ज्या संस्थांनी पन्नास वर्षे पूर्ण केली, त्यांच्या कपाटांत जुने अहवाल, इतिवृत्ताच्या वह्या, क्षमापनेची पोस्टकार्डे आणि समाजाच्या मासिकांचे सुटे अंक बांधून ठेवलेले असतात. ‘अहवाल’ हाही मुळात अरबी ‘हाल’ शब्दाचे अनेकवचन, म्हणजे हालहवालच. त्यावरूनच आपले ‘हल्ली’ आले आहे. हे कागद इतिहासाचे साधन आहेत हे फार थोड्यांना पटते. क्षमापनेच्या पत्राचेच पाहावे. चार ओळींचे पोस्टकार्ड. त्यात मिथ्याकार आहे, म्हणजे मूलाचारातील समाचार आहे, आणि खाली ‘मुलीचे लग्न ठरले’, ‘आईची प्रकृती बरी नसते’, ‘यंदा पाऊस नाही’ अशा स्वरूपाचे दोन शब्द, म्हणजे पत्रातील समाचार आहे. अशी कार्डे वर्षावर्षाने लावली तर एका कुटुंबाचे, एका पेठेचे, दुष्काळाचे आणि सुगीचे वृत्त हाती लागते. दर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात. मोडीतील व महाजनी लिपीतील वह्यांची गत तर याहून वाईट आहे, कारण त्या वाचणारेच उरले नाहीत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून आहे व लातूर त्याच्याच कक्षेत येते; इतिहासाच्या व भाषेच्या विद्यार्थ्यांना अशी कपाटे उघडून दाखविण्यास विश्वस्तांना फार खर्च येणार नाही.

लातूरकरांना ‘समाचार’ या शब्दाचे सर्व अर्थ एकाच आठवड्यात पाहावे लागले ते १९९३ साली. त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. दिगंबर समाजाचे दशलक्षण पर्व त्या दिवशी पूर्ण झाले होते, गावोगावी गणपती विसर्जन होऊन लोक उशिरा झोपले होते, आणि क्षमावाणी तोंडावर होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगावली. पुढील काही दिवसांची वृत्तपत्रे समाचारांनीच भरलेली होती. कोणते गाव, किती मृत, कोण सापडले, रस्ता कोठपर्यंत चालू आहे. त्याच पानांवर घरबांधणीच्या पद्धतीचा, मदतीच्या वाटपाचा व यंत्रणेच्या संथपणाचा समाचारही घेतला जात होता. आणि त्या आधी, अंक छापून येण्याच्याही आधी, लातूर, औसा, उमरगा, निलंगा येथून लोक मिळेल त्या वाहनाने समाचाराला निघाले होते. भाकरी, पाणी, चादरी, औषधे घेऊन. मूलाचारात सुखदुःखोपसंपदा सांगताना जी यादी येते ती याहून फारशी निराळी नाही.

बाहेरून आलेले बहुतेक पथक काही आठवड्यांनी परतले. मुलांचे पुढे काय, हा प्रश्न उरला. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही मुले कोणत्या जातीची वा धर्माची हे पाहिले गेले नाही. त्यांतील कित्येकांनी पुढे शिक्षण पूर्ण केले, नोकऱ्या-व्यवसायात स्थिरावले, आणि देशात अन्यत्र भूकंप झाला तेव्हा तेथील लोकांच्या समाचाराला जाणाऱ्यांतही किल्लारीकडची मुले होती.